शेवटचा दगड कोणाचा

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी गेली सव्वीस वर्षे कॅरम खेळत आलो आहे. त्यामुळे एक वस्तू सरकवून दुसरीवर आदळण्याच्या विद्येत आपल्याला शिकण्यासारखे फारसे उरलेले नाही, असा माझा पक्का समज होता. गेल्या मे महिन्यात कॅनडातल्या कॅलगरीहून सुट्टीवर आलेल्या माझ्या भाचीने सहा रविवारांत तो समज मोडून काढला. ती तिकडे शिकायला गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ, खेळू लागली. इथे आल्यावर ओळखीच्या एका शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडून तिने जमिनीवर खेळण्याच्या कर्लिंगचा संच मागून आणला. त्यात चार लाल आणि चार पिवळे असे प्लास्टिकचे आठ दगड होते, प्रत्येकाच्या तळाशी फिरत्या गोळ्या बसवलेल्या होत्या आणि सोबत दगड ढकलण्याच्या दोन लांब काठ्या होत्या.

खरा दगड कसा असतो, हा माझा पहिला प्रश्न होता. हॉलच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवलेला होता, तो तिने मला उचलायला लावला. खऱ्या दगडाचे वजन जास्तीत जास्त १९.९६ किलो असू शकते, म्हणजे तो जारच समजायचा. फक्त तो साधारण फूटभर व्यासाचा, चपटा आणि ग्रॅनाइटचा, वर मूठ लावलेला असतो. ऑलिंपिकमधल्या दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्याशा बेटावरून येतो. तो पाणी जवळजवळ शोषून घेत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी गोठून फुगले आणि दगडाचा टवका उडाला, असे सहसा होत नाही. दगडाचा तळ सपाट नसून बशीसारखा खोलगट असतो आणि बर्फाला टेकते ती फक्त काही मिलिमीटर रुंदीची एक गोल कडा. वीस किलोंचा भार त्या एवढ्याशा कडेवर तोललेला असतो, ही गोष्ट मला त्या वजनापेक्षाही जास्त आश्चर्याची वाटली.

मग मैदान. बर्फाची पट्टी ४५.७२ मीटर लांब आणि जेमतेम पाच मीटर रुंद असते. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची, म्हणजे दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवून वर आणखी पाच-सहा पावले. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकात एक अशी वर्तुळे रंगवलेली असतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास बारा फूट, आतल्यांचा आठ आणि चार फूट, आणि मधोमध एक लहान ठिपका, ज्याला बटन म्हणतात. या सगळ्या वर्तुळांना मिळून हाऊस असे नाव आहे. एका टोकाकडून दगड सोडायचा आणि दुसऱ्या टोकाच्या हाऊसमध्ये तो थांबवायचा, एवढाच काय तो खेळ. मात्र मधे हॉग लाइन नावाच्या दोन रेषा असतात. अलीकडची रेषा गाठण्यापूर्वी मूठ सोडावी लागते, आणि पलीकडची रेषा दगडाने पूर्णपणे ओलांडली नाही तर, वाटेत दुसऱ्या दगडाला धडकून थांबलेला असल्याखेरीज, तो उचलून बाजूला ठेवतात.

मुंबईच्या मे महिन्यात बर्फ दाखवायचा तर स्वयंपाकघरात जाण्यावाचून इलाज नव्हता. भाचीने स्टीलच्या ताटात पाणी घालून ते फ्रीझरमध्ये ठेवले आणि गोठल्यावर बोटांनी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून पुन्हा आत ठेवले. अर्ध्या तासाने तिने मला त्यावरून हात फिरवायला सांगितले, तेव्हा बोटांना लागले ते उन्हाळ्यात पाठीवर उठणाऱ्या घामोळ्यांसारखे बारीक कण. खऱ्या पट्टीवरही सामन्यापूर्वी अशीच पाण्याची फवारणी करतात आणि दगड सपाट बर्फावरून नव्हे, तर या कणांच्या टोकांवरून घसरत जातो. मी ताटावर पालथी वाटी सरकवून पाहिली. कण होते त्या भागावर ती सुळकन गेली आणि कडेच्या गुळगुळीत भागावर चिकटल्यासारखी थांबली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र फ्रीझरमधले मटार कुठे गेले, हा प्रश्न त्या वेळी अधिक महत्त्वाचा मानला.

हॉल मिळवताना सेक्रेटरींनी हरकत घेतली. लादीवर खडूने वर्तुळे काढायला त्यांची ना नव्हती, पण बर्फाशिवाय कर्लिंग म्हणजे पाण्याशिवाय पोहणे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावर भाचीने त्यांना १८४२ सालची एक गोष्ट ऐकवली. त्या वर्षी व्हिक्टोरिया राणी स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असताना स्कोन येथील राजवाड्यात तिला हा खेळ दाखवण्यात आला, तो एका दालनाच्या घासूनपुसून चकचकीत केलेल्या जमिनीवर. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या कॅलेडोनियन कर्लिंग क्लबच्या नावापुढे ‘रॉयल’ लागले. राणीला जी जमीन चालली ती आपल्या सोसायटीला चालायला हरकत नसावी, असा युक्तिवाद झाल्यावर सेक्रेटरींनी परवानगी तर दिलीच, शिवाय दुसऱ्या संघात स्वतःचे नावही घातले. सुतळी आणि खडू घेऊन आम्ही निम्म्या मापाचे हाऊस आखले. साठ फुटांच्या हॉलमध्ये त्याहून मोठे काही बसणार नव्हते.

पहिल्या रविवारी माझ्या बाजूने सातवीतला शेजारचा मुलगा होता आणि समोर सेक्रेटरी व तळमजल्यावरच्या वहिनी. प्रत्येकाला दोन दगड. बर्फावर खेळाडू हॅक नावाच्या रबरी पायटेकूवर पाय रोवतो, तिथून जोर घेऊन जवळजवळ लोळण घेतल्यासारखा पुढे घसरत जातो आणि मग मूठ सोडतो. आमच्या गुडघ्यांना ते मानवणारे नसल्यामुळे आम्ही काठीनेच दगड ढकलत होतो. बर्फावर दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढे झाडतात, पण लादीवर झाडून काही फरक पडणार नसल्याने झाडूही नव्हते. काठीने ढकलायचे आणि झाडायचे नाही, हे तर व्हीलचेअर कर्लिंगचे नियम झाले, असे भाची म्हणाली. तो प्रकार २००६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, आणि झाडण्याची मदत नसल्यामुळे त्यातला नेम काकणभर अधिकच कसाचा लागतो.

माझा नेम चांगला होता, अडचण तीच झाली. समोरचा दगड हाऊसमध्ये दिसला की माझ्या हाताला स्ट्रायकर आठवे. मी सणसणीत मारा करून तो दगड उडवत असे आणि त्यामागोमाग माझाही दगड हाऊसच्या पार होऊन भिंतीला लागत असे. दोन दगड मारून दोनदा टाळ्या मिळवल्या, आणि शेवटी हाऊसमध्ये पाहतो तर वहिनींचे दोन पिवळे दगड शांतपणे बसलेले. भाची एवढेच म्हणाली, “मामा, इथे कोण गेलं ते मोजत नाहीत, कोण राहिलं ते मोजतात.”

गुणांचा हिशोब मला लवकर समजला, कारण कॅरममध्ये ज्याला आपण बोर्ड म्हणतो त्याला इथे एंड म्हणतात आणि बोर्डाप्रमाणेच एका एंडमध्ये गुण एकाच बाजूला मिळतात. सगळे दगड टाकून झाले की मधल्या ठिपक्याला सर्वांत जवळचा दगड कोणाचा ते पाहायचे. ती बाजू एंड जिंकते. प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा तिचे जेवढे दगड आत असतील तेवढे तिचे गुण, आणि दुसऱ्या बाजूला शून्य. आमच्या पोरट्याने पहिल्या दिवशी हाऊसमधले सगळे लाल दगड मोजून तीन गुणांवर हक्क सांगितला होता. प्रत्यक्षात ठिपक्यापाशी एक पिवळा होता, त्यामुळे ते तिन्ही लाल दगड शोभेचे ठरले. मोठ्या सामन्यात प्रत्येक संघात चार खेळाडू असतात, प्रत्येकजण दोन दगड टाकतो, दोन्ही संघ आळीपाळीने खेळतात आणि असे सोळा दगड झाले की एक एंड संपतो. ऑलिंपिकमध्ये दहा एंड असतात आणि मिश्र दुहेरीत आठ.

दुसऱ्या रविवारी गार्ड शिकलो. हाऊसमध्ये न जाता त्याच्या पुढे मुद्दाम थांबवलेला दगड म्हणजे गार्ड, जो मागच्या दगडाची पाठराखण करतो. तो दिसताच मी अर्थातच उडवला, तेव्हा भाचीने तो पुन्हा जागेवर ठेवला आणि माझाच दगड बाद केला. एंडमधले पहिले पाच दगड पडेपर्यंत प्रतिपक्षाचा गार्ड खेळाबाहेर घालवता येत नाही, असा नियम आहे. आमच्याकडे आठच दगड असल्याने आम्ही तो पहिल्या तीन दगडांपुरता ठेवला. हा नियम नसता तर आघाडीवर असलेल्या संघाने आलेला प्रत्येक दगड उडवत बसण्याखेरीज दुसरे काही केले नसते, आणि माझ्यासारख्यांनी त्यालाच खेळ म्हटले असते.

आडोशामागचा दगड गाठायचा कसा, याचे उत्तर खेळाच्या नावातच आहे: कर्ल म्हणजे वळण घेणे. सोडताना मुठीला हलकासा पीळ दिला की दगड संथपणे फिरत जातो आणि वेग कमी होऊ लागला की एका बाजूला वळतो. म्हणूनच पलीकडे उभा असलेला कप्तान, ज्याला स्किप म्हणतात, आपला झाडू ठिपक्यावर धरत नाही; दगड किती वळेल याचा अंदाज बांधून तो बाजूला धरतो आणि टाकणाऱ्याने त्या झाडूवर नेम धरायचा असतो. आमच्या गोळ्यांवरच्या दगडांना वळण येत नव्हते, तेव्हा भाचीने जेवणाच्या टेबलावर स्टीलचा पेला पालथा घातला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पुढे सरकवला. पेला डावीकडे वळला. दहा वेळा करून पाहिले, दहाही वेळा डावीकडेच. “बर्फावरचा दगड असाच फिरवला की उजवीकडे जातो,” ती म्हणाली. पेल्याचे गणित सोपे आहे: सरकताना त्याचा भार पुढच्या कडेवर अधिक येतो, तिथे घर्षण जास्त होते, आणि पुढची कडा उजवीकडे फिरत असल्याने घर्षण तिला डावीकडे ओढते. दगड याच्या नेमका उलट का वागतो, यावर पदार्थवैज्ञानिकांमध्ये अजूनही एकमत नाही. काहींच्या मते घर्षणाने बर्फावर क्षणभर तयार होणाऱ्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे, तर काहींच्या मते दगडाच्या खरबरीत कडेने बर्फावर उमटणाऱ्या बारीक ओरखड्यांमुळे तो वळतो. पाच शतकांपासून खेळला जाणारा खेळ आणि त्याचे मुख्य कोडे अजून वादात, हे ऐकून मला त्या पेल्याविषयी आदर वाटू लागला.

आता झाडण्याविषयी, कारण दूरदर्शन संचावर हा खेळ पाहणारे बहुतेकजण त्यालाच हसतात. दोन खेळाडू दगडापुढे जीव तोडून झाडत असतात ते केर काढण्यासाठी नव्हे. जोराने घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण घटते, दगड काही पावले अधिक लांब जातो आणि वळतोही कमी. म्हणजे हातातून सुटलेल्या दगडाची चूक वाटेत थोडीशी सुधारता येते. मात्र कमी पडणारा दगडच पुढे नेता येतो. जोरात गेलेल्याला मागे खेचण्याचा उपाय नाही. दगडाला हॅकपासून हाऊसपर्यंत जायला वीस सेकंदांहून अधिक लागतात, आणि तेवढ्या वेळात स्किप पलीकडून ओरडून झाडा, थांबा, पुन्हा झाडा असे सांगत राहतो. आमच्या पोराने पहिल्या दिवसापासून घरची केरसुणी आणली होती. तिचा उपयोग शून्य आहे असे सांगूनही तो दगडापुढे ती फिरवत धावत असे, आणि हॉलची लादी त्या सहा आठवड्यांत जितकी स्वच्छ राहिली तितकी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

भाचीला आम्ही पंच व्हायला सांगितले तेव्हा तिने साफ नकार दिला. मोठ्या स्पर्धांत अधिकारी असतात, पण झाडू किंवा पाय चालत्या दगडाला लागला तर ज्याचा लागला त्याने स्वतःच सांगायचे, ही या खेळाची जुनी रीत आहे. अशा दगडाला जळलेला दगड म्हणतात. तिसऱ्या रविवारी सेक्रेटरींचा पिवळा दगड ठिपक्याकडे जात असताना ते त्याच्यासोबत चालत होते, आणि हाऊसच्या तोंडाशी त्यांच्या चपलेचा अंगठा त्याला निसटता लागला. मी पाहिले नव्हते, वहिनींनी पाहिले नव्हते, पोरगा केरसुणी झटकत होता. सेक्रेटरी मात्र जागच्या जागी थांबले, म्हणाले, “जळला,” आणि वाकून स्वतःच तो दगड उचलून भिंतीकडे घेऊन गेले. देखभाल शुल्काच्या एकेका रुपयासाठी सभेत तासभर भांडणारा हा माणूस हातातला गुण असा सोडून देईल, हे मला कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

पण मला खरा वेळ लागला तो हॅमर समजायला. एंडमधला शेवटचा दगड टाकण्याचा हक्क म्हणजे हॅमर. त्यानंतर प्रतिपक्षाला उत्तर देता येत नाही, म्हणून तो फार मोलाचा. जो एंड जिंकतो त्याच्याकडून पुढच्या एंडचा हॅमर जातो आणि हरलेल्याला मिळतो. दोघांपैकी कोणालाच गुण मिळाला नाही तर हॅमर होता त्याच्याकडेच राहतो. कॅरममध्ये पहिला फटका पाळीपाळीने येतो, त्यामुळे बोर्ड जिंकण्याचे काही मोल द्यावे लागते हे माझ्या गावीही नव्हते. चौथ्या रविवारी माझ्याकडे हॅमर होता, हाऊस रिकामे होते, मी शेवटचा दगड अगदी ठिपक्यावर नेऊन थांबवला आणि एक गुण घेऊन भाचीकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिले. तिने कपाळावर हात मारला. शेवटचा दगड हातात असताना निदान दोन गुण घ्यायचे. एकच मिळणार असेल तर बहुतेक वेळा दगड हाऊसच्या पार जाऊ द्यायचा, एंड कोरा ठेवायचा आणि हॅमर पुढच्या एंडसाठी राखायचा, असा या खेळातला व्यवहार आहे. मिळणारा गुण नाकारायचा, ही कल्पना माझ्या मनाला काही केल्या पटेना.

त्या रात्री तिने मला मोबाइलवर बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधला पुरुषांचा अंतिम सामना दाखवला. स्वीडन आणि ग्रेट ब्रिटन. दहाव्या एंडमध्ये ब्रिटनने एक गुण मिळवून चार-चार अशी बरोबरी केली, आणि त्याच एका गुणामुळे जादा एंडचा हॅमर स्वीडनकडे गेला. अकराव्या एंडमध्ये स्वीडनने त्यावर एक गुण घेतला आणि सुवर्णपदक पाच-चारने जिंकले. बरोबरी साधण्यासाठी ब्रिटनला तो गुण घेण्यावाचून गत्यंतर नव्हते हे खरे, पण त्याची किंमत काय होती ते मला त्या रात्री दिसले.

सहावा रविवार हा भाची परत जाण्यापूर्वीचा शेवटचा. आम्ही सहा एंडांचा सामना ठरवला होता आणि पाचवा एंड संपत आला तेव्हा तीन-तीन अशी बरोबरी होती. शेवटचा दगड माझा होता. गार्डांची धुमश्चक्री होऊन हाऊस पुन्हा रिकामे झाले होते, आणि हलक्या हाताने ढकलले असते तर एक गुण नक्की होता. मी काठी लावली, नेम धरला आणि दगड जोराने हाऊसमधून पार, थेट खुर्च्यांच्या थप्पीखाली पाठवला. पोराच्या हातातली केरसुणी गळून पडली. दाराशी उभ्या असलेल्या सौभाग्यवतींनी भाचीला विचारले, “मुद्दाम केलं का गं यांनी?” भाची हसत होती.

सहाव्या एंडमध्ये वहिनींनी एक पिवळा दगड ठिपक्यापासून हातभर अंतरावर बसवला आणि सेक्रेटरींनी त्यापुढे गार्ड लावला. आमचा शेवटचा दगड माझ्या हातात होता. गार्डाच्या डावीकडून दगडाच्या रुंदीहून बोटभर जास्त वाट होती. मी सहा रविवारांत शिकलेल्या सगळ्या मंदपणाने तो ढकलला. वाटेत लादीच्या एका सांध्यावर तो किंचित अडखळला, गार्डाला न शिवता आत शिरला, ठिपक्याकडे सरकत राहिला आणि थांबला. दोन्ही दगड डोळ्यांना सारख्याच अंतरावर दिसत होते. वहिनी घरी जाऊन शिवणकामाची टेप घेऊन आल्या. ठिपक्याच्या मध्यावर भाचीने तिचे टोक दाबून धरले आणि सेक्रेटरींनी श्वास रोखून दोन्ही मापे घेतली. पिवळा दगड दोन सुतांनी जवळ होता.

मी पुढे होऊन दोघांशी हात मिळवले. वॉचमनने फडके ओले करून वर्तुळे पुसायला घेतली, तेव्हा पोरगा माझ्यापाशी येऊन म्हणाला, “काका, पाचव्यात तो एक गुण घेतला असता तर?”

“पुन्हा तीच वेळ आली तरी तो दगड मी पारच घालवीन,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असे काही पाहिले, की पुढच्या रविवारी मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन सगळा हिशोब मांडून दाखवण्याचे कबूल केले.